आजची भाकर

चिंतेला दिवाळीची सुट्टी नसते. सारे घर झाडून-पुसून निघते, माळ्यावरची जळमटे जातात, फराळाचे डबे भरतात. पण चिंता असते तिथेच असते, आणि रात्री दिवा मालवला की हळूच उशाशी येऊन बसते. घरोघरी तिचे नाव तेवढे निराळे. कुठे मुलीचे लग्न, कुठे मुलाची नोकरी, कुठे डॉक्टरच्या लिफाफ्यातला कागद. आमच्याकडे गेल्या वर्षी तो कागद होता.

ह्यांच्या मानेला गाठ आली. तिचा तुकडा तपासायला पाठवला आणि आठ दिवसांनी या, म्हणून सांगितले. आठ दिवस! शाळेत मी पोरांना काळ शिकवीत होते, वर्तमान, भूत आणि भविष्य. माझ्यापुरता त्यांतला एकच उरला होता. घरात देव आहेत. आई पंढरीची वारकरीण होती, तेव्हा नामाची सवय लहानपणापासूनची. पण ओठ स्तोत्रात आणि मन लिफाफ्यात, अशी स्थिती.

आमच्या भिंतीपलीकडे एक निवृत्त परिचारिका राहतात. सारा मोहल्ला त्यांना 'सिस्टर' म्हणतो. दर रविवारी पांढरी साडी नेसून सदरच्या देवळात जातात. चर्चला त्या देऊळच म्हणतात. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आल्या, चहा घेतला आणि म्हणाल्या, "प्रार्थना करू का बाई? तुमचं मन असन तर."

मी मान हलवली. मला वाटले, आता काही भारदस्त ऐकायला मिळणार. सिस्टरांनी डोळे मिटले आणि शेजारच्या खोलीतल्या माणसाशी बोलावे तशा त्या बोलू लागल्या. "बापा, या बाईले तीन दिवस झोप नाही. आज लागू दे. भाऊ जेवून नाही राहिले, त्याइले आज दोन घास जाऊ दे. उद्याचं उद्या सांगन. आमेन."

एवढेच! गाठीबद्दल चकार शब्द नाही. मी जराशा घुश्श्यातच विचारले, "सिस्टर, रिपोर्ट चांगला येऊ दे, असं नाही मागितलंत?"

"मागतलं नं बाई, घरी मागतलं. पण ते त्याच्या मर्जीचं. झोप मात्र आजची आजच पाहिजे." आणि लगेच उठून त्यांनी ह्यांचा ताप पाहिला, गोळीची वेळ विचारली, खिडकी उघडली.

त्या रात्री झोप लागली का, असे वाचक विचारतील. लागली, पहाटे तीनपर्यंत.

नंतर कुतूहलाने मी मत्तयाच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय काढून वाचला. ख्रिस्ताने शिष्यांना शिकवलेली प्रार्थना आणि उद्याची चिंता वाहू नका हा त्याचा उपदेश, दोन्ही त्याच अध्यायात आहेत. मध्ये दहा-बारा वचनांचे अंतर. प्रार्थनेत पोटासाठी मागणी आहे ती भाकरीची, आणि तीही एका दिवसाच्या. कोठाराची नाही, वर्षाच्या धान्याची नाही. मौज अशी की, मूळ ग्रीकात त्या भाकरीला जे विशेषण आहे ते ग्रीक वाङ्मयात अन्यत्र जवळजवळ सापडतच नाही. 'आजची', 'येत्या दिवसाची', 'निर्वाहापुरती' असे अर्थ लावीत पंडित शतकानुशतके बसले आहेत. सिस्टरांना ती अडचण कधी पडली नसावी.

या अध्यायाचे आमच्या नागपूरशी जुने नाते आहे. १८०५ साली बंगालमधल्या श्रीरामपूरला विल्यम कॅरींनी मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत छापले, तेव्हा त्यांच्या हाताशी असलेले वैजनाथ पंडित नागपूरकडचेच. पुढे नारायण वामन टिळक काही काळ नागपुरात श्रीमंत बुटींच्या आश्रयाला होते. नंतर ते राजनांदगावला निघाले असता आगगाडीत एका गोऱ्या गृहस्थाने त्यांना नवा करार दिला. टिळक वाचीत गेले आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी थबकले. हा सहावा अध्याय त्याच प्रवचनातला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि घरी लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. त्या स्वतः १९०० साली ख्रिस्ती झाल्या. मधली वर्षे ताटातुटीची. उद्याची चिंता करू नका हे वचन नवऱ्याने फारच मनावर घेतले तर बायकोचे काय होते, हे ज्यांना पाहायचे असेल त्यांनी 'स्मृतिचित्रे' वाचावीत. टिळकांच्या हाती पैसा ठरत नसे, आणि चूल तर रोज पेटायचीच! तरी त्या बाईने रडगाणे गायले नाही. टिळक १९१९ साली गेले, त्यांचे 'ख्रिस्तायन' अर्धवट राहिले, ते पुढे लक्ष्मीबाईंनीच पुरे केले.

पण मागितलेले मिळाले नाही, तर? मला खरा प्रश्न हाच होता. सिस्टरांचा थोरला मुलगा तापाने गेला, त्या नोकरीला होत्या त्याच दवाखान्यात. हे मला ठाऊक होते, म्हणून विचारायला जीभ रेटत नव्हती. एके दिवशी विचारलेच, "तेव्हाही मागितलं होतंत?"

"होय नं. रातभर."

"मग?"

"मग का? सहा महिने बोलली नाही मी त्याच्यासंग. मग म्हटलं, रागवाले तरी बोलाच लागते नं."

हे वाक्य कादंबरीत आणायला मला चार प्रकरणे लागली असती. गेथशेमानेच्या बागेत ख्रिस्तानेही तीनदा विनवले की, हा प्याला टळू दे. टळला नाही. मार्काने त्या ठिकाणी 'अब्बा' हा घरातला अरामी शब्द तसाच ठेवला आहे. सिस्टरांचा 'बापा' त्याच जातीचा. देवाला असे जाब विचारणे आम्हा वारकऱ्यांच्या घरातही परके नाही. तुकोबांनी विठोबाशी काय कमी भांडण केले? तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे टिळक स्वतः म्हणत. पुलावरून येणे-जाणे दोन्ही बाजूंनी होते. मी माझ्या काठावर आहे, सिस्टर त्यांच्या, आणि मला पलीकडे ओढावे असे त्यांच्या कधी मनातही आले नाही.

आठव्या दिवशी कागद आला. तो मनासारखा नव्हता. उपचार सुरू झाले. केस गेले, पुन्हा आले, पूर्वीपेक्षा कुरळे. पुढची तपासणी डिसेंबरात आहे. सध्या हे ओसरीवर आकाशकंदिलाला कागद चिकटवीत बसले आहेत आणि खळ पातळ झाली म्हणून माझ्या नावाने ओरडत आहेत.

परवा सिस्टर कुंपणावरून विचारत्या झाल्या, "आज का मागू, बाई?"

माझे हात भाजणीत होते. म्हटले, "चकल्या तेवढ्या खुसखुशीत होऊ देत."

त्यांनी तेही मागितले, असे त्यांच्या नातीने संध्याकाळी येऊन सांगितले. आणि जाताना चार चकल्या घेऊन गेली.