बाबांची वही आणि कोमट रेडिएटर

तर झालं असं की, २०२४ च्या सप्टेंबरात आम्ही घरातला गॅसचा बॉयलर काढून हीट पंप बसवला. घर लीड्समधलं, १९३० च्या दशकात बांधलेलं, एक भिंत शेजारच्या आजींशी सामाईक. बॉयलर तसाही म्हातारा झाला होता आणि सरकार हीट पंपासाठी साडेसात हजार पौंडांचं अनुदान देत होतं. मराठी माणूस अनुदान सोडतो होय?

पण पंपाच्या आधी वायरीचं रामायण झालं. पाहणीला आलेल्या माणसाने मीटरची पेटी उघडली आणि मान हलवली. मेन फ्यूज ६० अँपियरचा. शिवाय रस्त्यातून येणारी केबल एकच, आणि ती आमच्या फ्यूजपाशी येऊन तिथूनच पुढे आजींच्या घरात गेलेली. इकडच्या जुन्या घरांत हे सर्रास असतं. मी फोनवर बाबांना सांगितलं. ते वीज मंडळातून निवृत्त झालेले. म्हणाले, "म्हणजे अधिकृत आकडाच की रे!"

मी कागदावर बेरीज मांडली. विजेचा शॉवर ४० अँपियर, शेगडी आणि ओव्हन मिळून ३०, गरम पाण्याच्या टाकीतलं हीटर १३, किटली १३ आणि पंप जास्तीत जास्त १६. एकूण ११२! घाबरून पुन्हा बाबांना फोन. ते शांत. "अरे, सगळे एकदम कधी लागतात का? गल्लीतल्या प्रत्येक घराचा पूर्ण लोड धरला असता तर आम्हाला दर कोपऱ्यावर ट्रान्सफॉर्मर बसवावा लागला असता." तेही खरंच. तरीपण ६० वर भागणार नव्हतं. शेवटी इथल्या वीजवाहिनीवाल्यांनी फुटपाथ खणला, दोन्ही घरांना स्वतंत्र केबल दिली, फ्यूज १०० चा केला. आमच्याकडून पैसे घेतले नाहीत, पण सहा आठवडे घेतले.

ऑक्टोबरात बाबा आले. इकडे येणारे आईवडील उन्हाळ्यात येतात. पण आई त्याच वर्षी गेली होती आणि दिवाळीला त्यांना एकटं ठेवायचं नव्हतं.

आल्या आल्या त्यांनी रेडिएटरला हात लावला. "हे तर कोमट आहे."

मी समजावलं की बॉयलर रेडिएटरमध्ये ६०-७० अंशांचं पाणी सोडायचा, हा पंप ४०-४५ अंशांचं सोडतो, पण दिवसभर सोडतो. तो उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतली उचलून आत आणतो, म्हणून एक युनिट विजेत तीन युनिट ऊब मिळते. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चिटफंडात पैसे गुंतवलेत. मग म्हटलं, "बाबा, विहिरीवरची मोटर पाणी तयार करते का? नुसतं उपसते. विहीर खोल असली की वीज जास्त लागते. तसंच हे. बाहेर थंडी जास्त, किंवा आतलं पाणी जास्त गरम हवं, की आपली विहीर खोल झाली." हे मात्र त्यांना पटलं.

मग त्यांनी दर विचारला. आता इथेच खरी गोम आहे. त्या तिमाहीत सरकारी कमाल दराने वीज होती युनिटला साडेचोवीस पेन्स आणि गॅस सव्वासहा. म्हणजे वीज जवळजवळ चौपट महाग. पंपाने एकाचे तीन केले तरी फायदा बेताचाच. गॅसचं मीटरच काढून टाकलं, म्हणून त्याचा वर्षाचा शंभरावर पौंडांचा स्थिर आकार वाचला. आमचं गणित तेवढ्यावर उभं होतं. बाबांनी साडेचोवीस पेन्सचे रुपये केले. सव्वीस! "सव्वीस रुपये युनिट?" दुसऱ्या दिवसापासून त्यांनी एक वही घातली. रोज सकाळी सातला पंपाचं रीडिंग.

मला कौतुक वाटलं. निवृत्त माणसाला विरंगुळा. नोव्हेंबरअखेर एकदा डोकं दुखत होतं म्हणून दुपारी अडीचलाच घरी आलो. बाबा सोफ्यावर बसले होते. स्वेटर, त्यावर शाल, डोक्याला माकडटोपी. भिंतीवरचा आकडा साडेपंधरा.

आम्ही दोघं नऊला घराबाहेर पडलो की ते पंप बंद करत आणि चारला चालू. महिनाभर.

"मला कुठे थंडी वाजतेय?" ते म्हणाले. हात हातात घेतला तर बर्फ.

मी चिडलो. नको तितका चिडलो. मग त्यांच्याच भाषेत बोलायचं ठरवलं. म्हटलं, एक आठवडा तुमच्या पद्धतीने, एक आठवडा चोवीस तास चालू, वही तुमचीच. फक्त तुमच्या आठवड्यात दुपारभर तुम्ही शेजारच्या आजींकडे जाऊन बसायचं. त्या दोघांना एकमेकांचं इंग्रजी कळत नसे, पण क्रिकेट दोघांनाही कळायचं.

दोन्ही आठवडे हवा साधारण सारखीच होती. बंद-चालूच्या आठवड्यात रोजची सरासरी २१ युनिट, सतत चालूच्या आठवड्यात २२. संध्याकाळी गार पडलेलं घर लवकर तापवायला पंप पाणी जास्त गरम करत होता, विहीर खोल होत होती. दुपारी वाचलेलं बरंचसं तिथेच जात होतं. फरक एक युनिट. सव्वीस रुपये.

बाबा वहीकडे बराच वेळ बघत बसले. मला वाटलं, मी जिंकलो. पण ते हळूच म्हणाले, "तरी वाचत होते ना."

त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. ज्या माणसाने सोलापुरात एका पगारात आम्हा तिघा भावंडांना शिकवलं, त्याला सव्वीस रुपये म्हणजे किरकोळ हे मी कोणत्या तोंडाने सांगणार? तरी त्या दिवसापासून पंप चालू राहिला. माझ्यासाठी नाही, वहीसाठी. आकडा खोटं बोलत नाही, हे त्यांनी मंडळातल्या सगळ्या वर्षांत मानलेलं.

मार्चमध्ये बाबा परत गेले आणि वही माझ्याकडे आली. वर्षाचा हिशोब मी पुरा केला. पंपाला साधारण ३,३०० युनिट लागले आणि गॅसच्या मानाने वाचले पन्नासेक पौंड. अनुदान मिळालं तरी आमच्या खिशातून गेलेले पैसे यातून कधी भरून निघणार, ते विचारू नका. कुणी सल्ला मागितला तर मी एवढंच सांगतो की आधी मेन फ्यूज बघा, मग रेडिएटरचा आकार, मग दर, आणि ब्रोशर सगळ्यात शेवटी.

मे महिन्यात फोन केला. सोलापुरात ४२ अंश. बाबांनी आधी आमचं रीडिंग विचारलं, मी सांगितलं. मग विचारलं, "बाबा, पंखा लावलाय ना?"

"हो हो, लावलाय की."

मागे पंख्याचा आवाज काही येत नव्हता.