हाताने करून खा, पण कशावर?

"मेस परवडत नसेल तर हाताने करून खा ना!" स्पर्धा परीक्षेच्या पोरांना हा सल्ला हमखास मिळतो. सल्ला चुकीचा नाही. मी परभणीकडून पुण्यात आलो तेव्हा मला साधा चहा करता येत नव्हता. वर्षभरात पिठलं, खिचडी, मसुराची आमटी सगळं जमायला लागलं.

शिकवलं आईने, फोनवरून. तिची मापं म्हणजे "अंदाजानं टाक" आणि "वास सुटला की उतरव". तो अंदाज यायलाच दोन महिने गेले. सोबत ती येसरचा डबा द्यायची. माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो : धान्य, डाळी आणि मसाला भाजून केलेलं पीठ. फोडणीत पाणी ओतायचं, येसर कालवून टाकायचं, उकळी आली की आमटी तयार. महिनाअखेरीला भाजी आणायला पैसे नसले तरी चौघांचं भागायचं. (भाकरी मात्र शेवटपर्यंत एकालाच जमली. त्याला भांडी माफ होती.)

आमचं अडलं ते डाळ-तांदळापाशी नाही, चुलीपाशी. रूममालकाची पहिली अट, गॅस चालणार नाही. इंडक्शन घेतलं तर सबमीटरचं युनिट मालक म्हणेल त्या दराने. पाच किलोचा छोटा सिलिंडर पत्त्याच्या पुराव्याशिवाय, नुसत्या ओळखपत्रावर मिळतो, ही चांगली सोय आहे. पण तो घरगुती 14.2 किलोच्या टाकीपेक्षा किलोमागे महाग पडतो. म्हणजे ज्याच्याकडे स्वतःचं घर नाही, त्यानेच जास्त मोजायचे! मग पोरं गल्लीबोळात चोरून टाकी भरून घेतात. त्यात जिवाचा धोका आहे, हे त्यांनाही कळतं.

रेशनचं म्हणाल तर घरच्या कार्डावरचं माझ्या नावाचं पाच किलो धान्य पुण्यातही अंगठा लावून उचलता येतं. 2023 पासून ते मोफतही आहे. पण मी इथे उचललं की गावाकडच्या डब्यात तेवढं कमी पडणार. कुठल्या तोंडाने उचलायचं?

आमच्यातल्या एकाला स्वाधार योजना लागू होती. पुण्यासाठी वर्षाला 60,000, त्यातले जेवणाचे 32,000. म्हणजे दिवसाला 88 रुपयेसुद्धा नाहीत, दोन्ही वेळचं धरून. तेही हप्ता वेळेवर पडला तर. त्यात मेस बसत नाही, हाताने केलं तर बसतं. पण हाताने करायला ओटा लागतो.

वसतिगृहं वाढवा ही मागणी जुनीच आहे, ती सोडायची नाही. तोवर महापालिकेने अभ्यासिकांच्या भागात एखादं सामायिक स्वयंपाकघर तरी द्यावं : ओटा, नळ, मीटरवरचा गॅस, वापराल तेवढे पैसे. शिधा आम्ही आणतो.

तुमच्या रूमवर युनिटला काय दर लावतात, ते खाली लिहा. आकडे गोळा करून नगरसेवकाकडे जायचं आहे.