चार वाजताची धिरडी

दुपारचे पावणेचार वाजले की आमच्या घरी बिडाचा तवा गॅसवर चढतो. पत्नीने तो लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी रत्नागिरीच्या बाजारातून आणला होता. पोळ्यांचा तवा निराळा, धिरड्या-घावनांचा निराळा, हा तिचा नियम. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात या तव्याला माझा हात लागल्याचे मला स्मरत नाही. बँकेतून निवृत्त झाल्यावरही स्वयंपाकघरातील माझे कर्तृत्व पाणी भरून ठेवण्यापलीकडे गेले नव्हते.

दीड वर्षापूर्वी तिला पक्षाघात झाला. उजवा हात आणि पाय लुळे पडले, वाचा गेली. समजत सारे होते, शब्द मात्र ओठांवर येत नव्हते. घरी आणले तेव्हा नाकातील नळी नुकतीच काढलेली होती. तिला चमच्याने भरवण्याचे काम माझ्याकडे आले. पेज, गाळलेले वरण, नाचणीची लापशी. मी ते काम बँकेच्या शिस्तीने केले. वही घातली, वेळ लिहिली, चमचे मोजले. काही आठवड्यांतच तिने चमचा जवळ येताच तोंड मिटून घ्यायला सुरुवात केली. दुपारी चारच्या खाण्याला तर ती मान फिरवून खिडकीकडे पाहत बसे. वजन उतरत चालले होते आणि माझी वही भरत चालली होती.

एके दिवशी मी घाई केली. ती तीन उशांना टेकून अर्धवट आडवी होती, दूरदर्शन संच चालू होता, आणि पहिला घास घशाखाली उतरण्याआधीच मी दुसरा पुढे केला. जबर ठसका लागला. तिचा लालबुंद झालेला चेहरा आजही डोळ्यांपुढून जात नाही.

गिळण्याची तपासणी करणाऱ्या वाचोपचार-तज्ज्ञ बाईंनी माझी चूक मला न रागावता दाखवली. खाताना खुर्चीत ताठ बसवावे, पाय जमिनीला टेकलेले असावेत. घास लहान असावा आणि तो पुरता गिळल्यावरच पुढचा द्यावा. खाल्ल्यानंतर निदान अर्धा तास आडवे करू नये. मध्येच खोकला आला किंवा आवाज ओलसर, घरघरता वाटला, तर तिथेच थांबावे आणि डॉक्टरांना कळवावे. पुढे पुन्हा तपासणी करून त्यांनी मऊ, ओलसर घन पदार्थ देण्यास अनुमती दिली. (ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांनी ही अनुमती तज्ज्ञांकडूनच घ्यावी, माझा लेख वाचून नव्हे.) मग त्यांनी सहज विचारले, "काका, काकूंना काय आवडायचं?"

मला उत्तर देता आले नाही. ती काय काय करीत असे याची यादी मी घडाघडा म्हटली असती. तिला काय आवडे, हे मी पंचेचाळीस वर्षांत पाहिलेच नव्हते.

दोन दिवसांनी आठवले. मुले शाळेतून येत तेव्हा चार वाजता ती मूगडाळीची धिरडी घाली. सगळ्यांचे खाऊन झाले की पातेल्याच्या कडेचे पीठ निपटून तळहाताएवढे एक शेवटचे धिरडे करी, आणि ओट्यापाशी उभ्यानेच खाई. ते मला अनेकदा दिसले होते. तिची आवड म्हणून कधी दिसले नव्हते. तेव्हा ठरवले, सगळीच धिरडी शेवटच्या धिरड्याएवढी करायची.

पहिल्या दिवशीचा लगदा मीच खाल्ला. आता बरे जमते. एक वाटी सालीची मूगडाळ आणि दोन चमचे तांदूळ चार तास भिजवतो. आल्याचा लहान तुकडा, जिरे आणि बेताचे मीठ घालून अगदी गंधासारखे वाटतो. दुधी बारीक किसून त्यात मिसळतो. मिरची नाही, तिच्या कणानेही तिला खोकला येतो. अर्धा कांदा काट्याला टोचून, तेलात बुडवून तव्यावर फिरवायचा, ही तिचीच रीत. अर्धी पळी पीठ, आच मंद, वर झाकण. झाकण महत्त्वाचे, कारण त्याच्या वाफेने धिरडे मऊ राहते. कुरकुरीत कडा आपल्याला कितीही आवडो, अशा रुग्णाच्या घशात तिचा कोरडा भुगा अडकू शकतो. शेंगदाण्याची कोरडी चटणीही त्याच कारणाने वर्ज्य. सोबत घोटलेले दाट दही.

नाचणीविषयी एक सांगतो, कारण मला ती देण्याचा सल्ला अनेकांनी दिला. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तेव्हा ती उत्तमच. पण तिच्यात पिष्टमय पदार्थही तांदूळ-गव्हाच्या जवळपास असतात. "नाचणीने साखर वाढत नाही" असे समजून मधुमेही माणसाला वाडगे भरभरून लापशी देऊ नये. आम्ही ती चूक केली होती. मूगडाळीतून निदान बरी प्रथिनेही पोटात जातात.

लहान धिरड्याचा खरा उपयोग मात्र मला ताटली पुढे ठेवल्यावर कळला. तिने डाव्या हाताने एक तुकडा तोडला, दह्यात बुडवला आणि स्वतःच्या हाताने तोंडात घातला. कितीतरी महिन्यांत प्रथमच. बोटांवरून दही मनगटापर्यंत ओघळले. मी रुमाल घेऊन धावलो, तर तिने तोच डावा हात वर करून मला थांबवले. एका धिरड्याला वीस मिनिटे लागली. वही त्या दिवशी मी उघडली नाही, आणि नंतर तिच्यात दूधवाल्याचा हिशेब लिहू लागलो.

आता तिची खुर्ची स्वयंपाकघराच्या दारातच ठेवतो. पीठ तव्यावर पडताना होणाऱ्या आवाजाकडे तिचा कान असतो. उलटण्याची वेळ झाली की खुर्चीच्या हातावर बोट आपटते, आणि माझी घाई झाली तर कपाळाला आठ्या घालते. मागच्या महिन्यात पीठ घातल्याबरोबर तवा जरा जोरातच चरचरला, आणि पाठीमागून स्पष्ट आवाज आला, "आच!"

मी वळून पाहिले. तिने पुन्हा एकदा म्हटले, यावेळी चिडून, "आच!" मी गॅस बारीक केला. ते धिरडे एका बाजूने करपले होते, तरी ताटलीत ठेवले. तिने ते उलटेसुलटे करून पाहिले आणि माझ्याकडे सरकवले.

तिच्यासाठी मी दुसरे घातले.