कुठला एक नंबर?

२००२ साली मी मुंबईत पहिले पाऊल टाकले ते दादरला. "एक नंबर प्लॅटफॉर्मवर थांब, हलू नकोस," असे मामाने पत्रातून बजावले होते. कोल्हापूरच्या गाडीतून उतरलो, विचारीत विचारीत एक नंबर गाठला आणि बसून राहिलो. दोन तास झाले तरी मामाचा पत्ता नाही! अखेर बूथवरून शेजाऱ्यांकडे फोन लावून आईला सांगितले, "तुझा भाऊ काही आला नाही." आई नुसती गप्प झाली.

एका हमालाने विचारले, "कुठला एक? सेंट्रलचा का वेस्टर्नचा?"

अहो, एकाच स्टेशनात दोन एक नंबर! पूल ओलांडून धावलो. मामा राहायला माहीमला. त्याचे दादर वेस्टर्नचे. रजा टाकून, हातात जेवणाचा डबा धरून तो तिथे उभा! रागावला नाही; आधी डबा उघडला.

पुढे दर भाऊबीजेला ओवाळताना आईला ते गप्प होणे आठवे आणि तिचे डोळे भरत.

डिसेंबर २०२३ मध्ये सेंट्रलच्या प्लॅटफॉर्मांना ८ पासूनचे आकडे मिळाले. वेस्टर्नचे होते तेच राहिले. मामा तोवर गेला होता. मी आईला बातमी वाचून दाखवली.

"म्हणजे माझ्या भावाचाच एक नंबर खरा," ती म्हणाली.