घरची चांदमारी

आम्ही चुलत-आते भावंडं आता सगळी पन्नाशीच्या पुढची. लग्नकार्याला जमलो की जेवणं उरकल्यावर विषय कधी ना कधी छऱ्याच्या बंदुकीवर येतोच. ऐंशीच्या दशकात कागलकडच्या आमच्या घरी ती आली आणि आमचं सगळ्यांचं लहानपण तिच्याभोवती वाढलं.

गावात बाराबोअरची बंदूक असलेली घरं होती. त्यांना परवाना, त्याचं नूतनीकरण, निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात नेऊन जमा करणं, असा सगळा व्याप असे. आमच्यासारख्या घराला परवडणारी, बिनपरवान्याची बंदूक म्हणजे एअरगन. उसाचं बिल हातात आल्यावर आमच्या आबांनी ती कोल्हापुरातून आणली. सोबत छऱ्यांची एक पत्र्याची डबी. पोरांसाठी म्हणून आणली असं ते म्हणाले, पण पहिला आठवडा ती त्यांच्याच हातात होती.

तिची रचना आबांनी आम्हाला समजावून दिली होती. नळी बिजागरीपाशी खाली मोडायची. ती मोडताना आतली स्प्रिंग दाबली जाते आणि खाचेत अडकते. नळीच्या उघड्या तोंडात छर्रा अंगठ्यानं बसवायचा आणि नळी परत सरळ करायची. चाप ओढला की स्प्रिंग सुटते, दट्ट्या पुढं धावतो, त्याच्या पुढची हवा दाबली जाते आणि ती हवाच छऱ्याला बाहेर ढकलते. दारू नाही, धूर नाही. स्प्रिंगला ताण देणं लहान पोरांच्या ताकदीबाहेरचं, त्यामुळं ज्याला नळी स्वतः मोडता येईल त्यालाच बंदूक, हा नियम आपोआप झाला. धाकटी मंडळी महिनोन् महिने ताकद आजमावून बघायची. ज्या दिवशी नळी खटकन अडकली, त्या दिवशी ते पोर मोठ्यांत गेलं.

बाकीचे नियम आबांचे. नळी कायम मातीकडे. भरताना नळी हातातून सोडायची नाही, कारण ती उसळून परत आली तर बोटं गेलीच. छर्रा न घालता चाप ओढायचा नाही, त्यानं दट्ट्या नुसता आदळून आतून मोडतो. छर्रे शिशाचे, म्हणून हात धुतल्याशिवाय आजी ताटावर बसू देत नसे. आणि सगळ्यात वरचा नियम, "पोरांनो, जिवावर नेम धरायचा नाही." वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा. तरी पाखरं मारणाऱ्या पोरांचं आमच्या लहानपणीही गावात कौतुक व्हायचं. आमच्या घरात मात्र चिमणीवर, होल्यावर कुणी बंदूक रोखली नाही. कायद्यापेक्षा आबांचा शब्द आम्हाला जवळचा होता.

मग नेम कशावर? परसात मातीनं भरलेली पोती एकावर एक रचलेली. त्यांच्यापुढं पुठ्ठा, त्यावर कंपासनं काढलेली वर्तुळं. वर्तुळांचा कंटाळा आला की काडेपेटी, सोड्याच्या बाटलीची बुचं, आणि खास दिवशी दोऱ्याला टांगलेला खडू. खडूला छर्रा लागला की पांढऱ्या भुकटीचा ढग उडायचा आणि दोरा नुसता हलत राहायचा. खडू लागला तो त्या दिवसाचा मानकरी.

हा मान बहुतेक वेळा आत्याकडे जायचा. ती दुपारची भांडी आवरून, पदर खोचून यायची. आम्ही दस्ता खांद्यात रुतवून, बंदूक आवळून धरायचो. ती मात्र डाव्या हाताचा तळवा उघडा ठेवून बंदूक त्यावर तान्ह्या पोरासारखी नुसती पेलायची. तिचं बरोबर होतं. स्प्रिंगच्या बंदुकीत छर्रा नळीबाहेर पडायच्या आतच दट्ट्याच्या धावेनं बंदूक हलायला लागते. तिला आवळलं तर ती दर वेळी वेगळी हलते, सैल धरली तर दर वेळी सारखी. आत्या म्हणायची, "श्वास निम्मा सोड, थांब, मग चाप दाब. नळीच्या टोकावरच्या माशीकडं बघ, खडूकडं नको." एवढ्या तीन गोष्टींत नेमबाजीचं बरंचसं शास्त्र आलं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

पुढं जुनीची स्प्रिंग दमली. मुंबईत नोकरीला लागलेल्या आमच्यातल्या धाकट्यानं पगारातून पैसे साठवून दुर्बीण बसवलेली नवी रायफल आणली. दुर्बीण ४×३२ ची, म्हणजे चौपट मोठं दाखवणारी, पुढची काच ३२ मिलिमीटरची. आम्हाला वाटलं, आता नेमाची काळजीच मिटली. प्रत्यक्षात दुर्बिणीनं पुठ्ठा जेवढा जवळ आणला, तेवढीच आमच्या हातांची थरथरही मोठी करून दाखवली. काळ्या रेघांची फुली नाडीच्या ठोक्यासरशी उडायची.

तिला जुळवणंही संयमाचं काम. आधी एकाच बिंदूवर नेम धरून चार-पाच छर्रे मारायचे. भोकं एकाजागी पडली, तरच दुर्बिणीच्या बटणाला हात लावायचा. शंभर यार्डांवर नेम पाव इंच सरकवणारा बटणाचा एक टिक दहा यार्डांवर इंचाचा फक्त चाळिसावा भाग सरकवतो, म्हणून परसातल्या अंतरावर एक इंच दुरुस्ती म्हणजे चाळीस टिक. वर बंदुकीचे हिसके असे की दुर्बीण धरणाऱ्या पट्ट्यांचे स्क्रू ढिले होऊन दुर्बीण हळूहळू मागं सरकते. ते स्क्रू तपासणं धाकट्यानं स्वतःकडं घेतलं, आजही तोच करतो.

पुढं आमच्याच जिल्ह्यातल्या नेमबाजांनी जग जिंकलं. २०१० साली कोल्हापूरची तेजस्विनी सावंत म्युनिकमध्ये ५० मीटर रायफल प्रोनमध्ये, म्हणजे पोटावर झोपून नेम धरायच्या प्रकारात, जगज्जेती झाली. १ ऑगस्ट २०२४ ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला ऑलिंपिकचं ब्रॉन्झ जिंकलं. त्यांच्या रायफली वेगळ्या, मेहनत तर आमच्या कल्पनेपलीकडची. पण त्यांचा थांबलेला श्वास टीव्हीवर आम्हा सगळ्यांना ओळखू आला. आत्याच्या काळी मुलींसाठी गावाजवळ रेंज नव्हती, प्रशिक्षक नव्हता. ती कुठवर गेली असती, असं आम्ही उघड बोलतो आणि हळहळतो.

आज ४.५ मिलिमीटर नळीच्या आणि २० ज्यूलपर्यंत ताकदीच्या एअर रायफलला परवाना लागत नाही, काही हजारांत ती घरी येते. जरूर आणा. पण घरात एकच आणा, म्हणजे पोरं आपल्या पाळीची वाट बघायला शिकतील. छर्रे कुलपात ठेवा, मागं मातीची भिंत असू द्या, मोठं माणूस शेजारी उभं राहू द्या. आणि मुलांइतकीच संधी मुलींना द्या. चांगला नेम कुणाच्या हातात आहे, हे बंदूक हातात दिल्याशिवाय कळत नाही.