धाव

गाडी घरी आली तेव्हा तिचे चारही टायर गोटा झाले होते. जुनी, पाच दारांची फोर्स गुरखा; उंच, चौकोनी, चारही चाकांना ताकद देणारी. मागची बाकं काढून तिथे पलंग, पलंगाखाली कप्पे आणि दाराशी शेगडीपुरता ओटा करायचा, असा आमचा बेत. नवरा टेप घेऊन आत शिरला होता. मी अंगणात उकिडवी बसून टायरांवर पाना ठोकत होते. एक झालं, दुसरं झालं. डाव्या मागच्या चाकाचा आवाज बसका आला. गेज लावलं, तर तिथे हवा निम्मीच.

आमच्या घरात चाक असंच तपासतात.

आबांची, म्हणजे माझ्या आजोबांची, बैलांची दमणी होती. गोदाकाठचं आमचं गाव, पैठणपासून दिवसभराच्या वाटेवर. चैत्र-वैशाखात चाकांचं लाकूड वाळून आकसायचं आणि लोखंडी धाव ढिली पडायची. तेवढ्यापुरती चाकं डोहात भिजत टाकत, लाकूड फुगलं की धाव पुन्हा घट्ट. पण दोन-चार वर्षांनी ती उतरवून नव्याने बसवावीच लागे. तो दिवस आम्हा पोरांना सणासारखा. लोहार दोरीने चाकाचा घेर घ्यायचा आणि पट्टी त्या घेराहून थोडी आखूड ठेवायचा. ही थोडी म्हणजे किती, हे तो कुणाला सांगत नसे. गोवऱ्या रचून जाळ केला की त्यात ते लोखंडी कडं लाल होईतो ठेवत. मग दोघे-तिघे सांडशीने ते उचलून चाकावर टाकायचे. लाकडाचा धूर निघायचा, पुठ्ठे करपायचे, आणि तेवढ्यात बायका घागरींनी पाणी ओतायच्या. वाफेत काही दिसत नसे, फक्त ऐकू यायचं. लोखंड आवळत जायचं, आरे तुंब्यात दाबले जायचे, सांध्यासांध्यातून कटकट आवाज यायचा. मग आबा हातोडी घेऊन चाकाभोवती एक फेरी घालायचे आणि धावेवर वीतभर अंतराने टोला द्यायचे. सगळीकडून आवाज खणखणीत आला तरच लोहाराला पायलीभर ज्वारी. एका ठिकाणी जरी बद्द वाजलं तरी तिथे पोकळी आहे असं समजायचं.

दमणीवर बांबूच्या कमट्यांची कमान होती आणि कमानीवर सतरंजी. आजोळी जाताना दुपारी वाटेत थांबावंच लागे, बैलांसाठी. आमच्या भागात वाटेला बाभळी. बाभळीची सावली म्हणजे नुसती जाळी. आबा बैल सोडायचे, सतरंजीची एक बाजू कमानीवरून सोडवून बाभळीच्या बुंध्याला ताणून बांधायचे. गाडीच्या कुशीला पडवी तयार. आजी तिथे भाकरी सोडायची. चाकाला टेकून बसलं की धाव पाठीला गार लागायची, कारण ती बाजू सावलीतली असायची. गाडीचं घर कसं होतं हे मी तिथे पाहिलं, आणि पुढे साठीला आल्यावर गाडीत राहायचं मनात आलं ते त्या पडवीमुळेच, याबद्दल मला शंका नाही.

दादा, म्हणजे माझे वडील, एसटीच्या वर्कशॉपात टायरचं काम करत. त्या वेळी बसच्या वीस इंची रिमला वेगळी लोखंडी लॉक रिंग असे. ती खाचेत नीट बसली नसेल आणि हवा भरायला घेतली, तर तोफेच्या गोळ्यासारखी उडते. दादा हवा भरताना चाकासमोर कुणाला उभं राहू देत नसत. स्वतः बाजूला उभे राहायचे, लांब नळी, आणि हवा चढत असताना टॉमीने रिंगेवर हलके ठोके. कान तिरका. मी डबा घेऊन गेले की फाटकाजवळूनच तो आवाज ओळखायची. आणि बस मार्गावर निघण्याआधी मागच्या जोडचाकांवर ठोका मारला जायचाच, कारण आतलं चाक बसलं असेल तर बाहेरच्या चाकामुळे ते डोळ्यांना दिसत नाही. दादा म्हणायचे, "टायर काय उचलतोय गाडी? हवा उचलते. टायर म्हणजे तिची पिशवी."

हवेची ही पिशवी ज्याच्या नावाने आपल्याकडे पोचली तो डनलॉप बेलफास्टमधला जनावरांचा डॉक्टर होता. मुलाच्या तीनचाकी सायकलीला धक्के बसतात म्हणून त्याने रबरी नळीत हवा भरून ती चाकाला गुंडाळली आणि 1888 साली पेटंट घेतलं. गुरांच्या डॉक्टरने केलेली ही गोष्ट पुढे आमच्या बैलांच्याही कामी आली, याचं मला फार बरं वाटतं. 1976 साली जायकवाडी धरण पुरं झालं, कालव्यांना पाणी आलं, पाण्यामागून ऊस आला, आणि उसाबरोबर टायरगाडी. आबांनी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा ते तिच्या चाकापेक्षा मागच्या वाटेकडे बघत राहिले. लोखंडी धाव मातीत खोल चाकोरी पाडते. पावसाळ्यात त्या चाकोरीत पाणी साचतं आणि काळ्या रानात पुढची गाडी आसापर्यंत रुतते. टायरगाडीने वाट नुसती दाबली होती.

पुढे माझी नोकरी झाली आणि पहिली मोटार आली. तिला टायर बदलताना मी एका दुकानदारावर विश्वास ठेवला. दादा तेव्हा नव्हते. टायर दिसायला काळाभोर, नक्षी कोरी, रबराचे केस तसेच. आठव्या महिन्यात घाटाच्या पायथ्याशी फुटला. गाडी बांधाला जाऊन थांबली, कुणाला लागलं नाही. नंतर कडेवरचा चार आकडी शिक्का वाचला: पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. टायर माझ्या हाती यायच्या आधीच सहा वर्षं गोदामात पडून होता. रबर न वापरताही म्हातारं होतं. मी नक्षी पाहिली होती, वय विचारलं नव्हतं.

म्हणून या वेळी महिनाभर मी टायरच वाचत होते. गुरख्याचं मूळ माप 245/70, सोळा इंची रिम. म्हणजे टायरची रुंदी 245 मिलिमीटर, कडेची उंची तिच्या सत्तर टक्के. पहिल्याच दुकानात सल्ला मिळाला की 265 चे घाला, गाडी भारदस्त दिसेल, आणि लोखंडी रिम काढून अलॉय टाका. हिशेब मांडला. 265/70 चा व्यास पावणेचार टक्क्यांनी वाढतो. काटा ऐंशी दाखवेल तेव्हा गाडी त्र्याऐंशीने पळत असेल, चढावर पहिला गिअर तेवढाच अशक्त होईल, आणि पूर्ण वळण घेताना चाक आतल्या पत्र्याला घासण्याची भीती. विम्याच्या वेळी मूळ मापाबाहेरच्या टायरवरून वाद निघतो तो वेगळाच. आम्हाला भारदस्त दिसायचं नव्हतं. पलंग, पाण्याची टाकी, बॅटरी, शेगडी, दोन माणसं, हे वजन पेलायचं होतं. त्यासाठी बघायचा तो आकडा मापानंतर येतो, बरेच लोक तो वाचतच नाहीत. 112 लिहिलं असेल तर एक टायर 1120 किलो पेलतो. 108 असेल तर हजार.

मग नक्षी. चिखलाचा टायर घ्यायचा माझा मोह मोठा होता. त्याच्या गाठी लांब लांब असतात, मधल्या खाचा खोल. आमची काळी माती ओली झाली की साध्या टायरला अशी लिंपून बसते की चार फेऱ्यांत चाक मडक्यासारखं गुळगुळीत होतं. चिखलाचा टायर ती माती फेकून देतो. पण डांबरावर तो दिवसभर घोंगावतो, लवकर झिजतो, आणि ओल्या डांबरावर त्याची पकड कमी. आमची वाट किती चिखलाची, किती डांबराची? वहीत मागच्या वीस प्रवासांची नोंद काढली. चिखल शंभरात पाचही किलोमीटर नव्हता. दगड, खडी, मुरूम मात्र भरपूर. मधल्या जातीचे, सगळ्या वाटांवर चालणारे टायर घेतले, कडेला जाड थर असलेले. टायरची कड हाच त्याचा दुबळा भाग; मधे खिळा घुसला तर पॅच बसतो, कडेला चीर पडली तर टायर गेला. पाचही नवे घेतले, स्टेपनीसुद्धा, आणि पाचही शिक्के चष्मा लावून वाचले.

रिम लोखंडीच ठेवल्या. याची किंमत आम्हाला स्पितीत कळली. ग्राम्फूकडून कुंझुमला जाताना छत्रूच्या अलीकडे वाट म्हणजे नाल्यातले धोंडेच असतात. उजवं पुढचं चाक एका धोंड्यावरून घसरून दणकन खाली आलं. रिमची कड वाकली आणि त्या फटीतून हवा सुसू लागली. स्टेपनी लावून घाट ओलांडला. काझ्यात पंक्चरवाल्याने ती कड घणाने ठोकून अर्ध्या तासात सरळ केली. अलॉयला तडा गेला असता तर ती तिथे कुणी जोडून दिली नसती. तो घण मारत होता तेव्हा मी शेजारी उभी होते. प्रत्येक टोल्यानंतर तो क्षणभर थांबायचा, आवाज विरू द्यायचा, मग पुढचा टोला.

त्याच प्रवासात लोसारला मुक्काम होता, चार हजार मीटरवर. पहाटे पाच-सहा अंश थंडी. पुण्याहून निघताना पस्तीस अंशात छत्तीस पाउंड हवा भरली होती. थंडीने ती पाच-एक पाउंड उतरली असणार म्हणून गेज लावलं, तर काटा छत्तीसवरच! मी चारही चाकं पुन्हा तपासली. नंतर चहा पिताना उलगडा झाला. गेज आतला दाब बाहेरच्या दाबाशी तोलून दाखवतं. थंडीने आतली हवा आकसली होती, पण उंचीवर बाहेरची हवाही विरळ झाली होती, जवळजवळ तेवढीच. दादा कधी पहाडात गेले नव्हते. हे त्यांना सांगायला हवं होतं, असं तेव्हा फार वाटलं.

सावलीची निवड मात्र मी दुकानात केली नाही. दुकानात तिला ऑनिंग म्हणतात. पंखासारखी उघडून तीन बाजूंना सावली देणारी होती, पण वजन पंचवीस किलोच्या आसपास, आणि ते सगळं टपाच्या एका कडेला. आडव्या उतारावर उंच गाडीला ते ओझं नको वाटलं. शेवटी अडीच मीटर लांब, दोन मीटर रुंद, गुंडाळी सोडून दोन पायांवर उभी राहणारी साधी चौकट घेतली आणि कापड बाजारात ताडपत्री शिवणाऱ्याकडून शिवून घेतलं. प्लॅस्टिकचं नव्हे, सुती जाड कॅनव्हास. प्लॅस्टिकखाली दुपारी उकडतं आणि रात्री दव आतून ठिबकतं. कॅनव्हास श्वास घेतो. त्याला मेणाचा वास येतो, पहिल्या पावसात धागे फुगून मधली छिद्रं मिटतात आणि मग तो पाणी आत येऊ देत नाही. ओला गुंडाळला तर बुरशीचे ठिपके पडतात, म्हणून तो घरी आल्यावर गच्चीत वाळवायचा. पडवी बसवली गाडीच्या डाव्या अंगाला. आपण डावीकडे थांबतो, म्हणजे रहदारीकडे गाडीची पाठ आणि पडवीत माणसं.

वापरताना बाकीचं कळलं. एक पाय दुसऱ्यापेक्षा वीतभर खाली ठेवायचा, नाहीतर पावसात कापड पोट धरतं आणि चौकट वाकते. स्पितीत दुपारी वारा उठतो, तेव्हा ती बाराच्या आत गुंडाळायची. खडीत खुंट्या धरत नाहीत, तिथे पिशवीत दगड भरून दोर त्याला बांधायचा. कोकणात समुद्र दिसला तरी गाडी वाळूत न्यायची नाही. हवा पंधरा-अठरा पाउंडांवर आणली की ही गाडी वाळूत सहज चालते, पण वेळासला कासवाची पिल्लं समुद्राकडे जाताना पाहिली तेव्हापासून ते मनातून काढून टाकलं. बोटाएवढं पिल्लू टायरच्या चाकोरीत पडलं तर त्याला वर चढता येत नाही. ते चाकोरीतच सरपटत राहतं आणि सूर्य वर येतो. आम्ही सुरूच्या बनाअलीकडे थांबतो आणि चालत जातो.

या वर्षी मार्चअखेर गावाकडून परतताना वाटेत थांबलो. ऊन असं की डांबर बुटाला चिकटत होतं. पडवी उघडली, सतरंजी टाकली. थोड्या वेळाने मागून दोन टायरगाड्या आल्या. हंगाम संपवून ऊसतोडीची माणसं घरी निघालेली. गाडीत भांडी, पेट्या, कोंबड्या, एका गाडीला चाकांमधून झोळी बांधलेली आणि झोळीत तान्हं. बाभळी त्याच, जाळीच्या सावलीच्या. मी हात केला. बैल सोडले, बाया पडवीत आल्या, झोळी आमच्या चौकटीला बांधली. कुणी फारसं बोललं नाही. भाकरी त्यांची, ठेचा त्यांचा, थंड पाणी आमचं.

त्यांच्यातला एक म्हातारा मात्र पडवीत आला नाही. तो गाडीभोवती फिरत होता. मागच्या चाकाशी वाकला, नक्षीत बोट घालून पाहिलं, मग पराणीचं बूड टायरवर ठोकलं आणि मान तिरकी करून ऐकलं. चारही चाकांना तसंच. शेवटी मागच्या दाराशी जाऊन स्टेपनीलाही.

"हवा किती ठेवता, बाई?"

"छत्तीस."

"उन्हाची दोन कमी ठेवा," तो म्हणाला आणि चाकाला पाठ टेकून, सावलीच्या बाजूला बसला.