पायाशी वाकलेलं माणूस

पंढरपूर,
आषाढ वद्य अष्टमी

चि. सोनूस,


तुझा निरोप वाचला. ‘आत्या, मी देवाधर्मातली नाही, तर मी पंढरपूरला यावं का? कुणाला दुखावेल असं काही हातून व्हायला नको,’ असं विचारतेस. ये की! इथं येणारा माणूस किती मानतो, हे दारात कुणी मोजून घेत नाही.

आषाढीला आली नाहीस तेही बरंच झालं. आपल्याकडे दिंडी उतरली की माझ्याच घरात मला पाय ठेवायला जागा नसते. आता सगळे पांगले. ओसरी धुऊन काढली, दोरीवर कुणाचं तरी विसरलेलं धोतर तेवढं वाळतंय. पुढच्या वर्षी येतील तेव्हा नेतील.

परवा प्रक्षाळपूजा झाली. यात्रेत रात्रंदिवस दर्शन चालतं, म्हणून देवाचा पलंगच काढून ठेवतात. झोप नाही. टेकायला विठोबाला लोड आणि रुक्मिणीला तक्क्या, तेवढाच आधार. प्रक्षाळपूजेला पायांना लिंबू-साखर चोळतात, ऊन पाण्याने न्हाऊ घालतात आणि रात्री शिणवटा जावा म्हणून काढा देतात. तू हसशील. हस, पण देव दमतो असं ज्या गावाला वाटतं, ते गाव दमलेल्या माणसाशी कसं वागतं, ते जरा बघ. नेहमी बरंच वागतं असंही नाही. यात्रेत खोल्यांचे दर ऐकलेस तर घाम फुटेल.

फोटोचं विचारलंस. देवळात मोबाइल नेऊ देत नाहीत, त्यामुळे तिथला प्रश्न मिटला. नदीकाठी मात्र भान ठेव. मागे आपल्या गच्चीवरून एक पाहुणा नदीवर ओल्या अंगाने लुगडं बदलणाऱ्या बायकांचे फोटो काढत होता. ‘किती छान रंग आहेत,’ म्हणाला. मी म्हटलं, ‘तुमच्या आईला नाहायला बसवते, तिचे काढा.’ बोलणं जरा कडक झालं, पण मला त्याचं वाईट वाटलं नाही.

घाटावर वाटीत गोपीचंदन आणि हातात पितळी ठसा घेतलेली पोरं मागे लागतील. ‘माउली, गंध लावा!’ नको असेल तर हसून नको म्हण. लावून घेतलंस तर पैसे दे आणि फोटो काढून झाल्याबरोबर ते पुसू नकोस. तो पोरगा कपाळावर ठसा टेकवताना क्षणभर श्वास धरतो. रेघ वाकडी जाऊ नये म्हणून.

आता मला खरं सांगायचं आहे ते. लग्न होऊन मी या घरात आले, त्या पहिल्याच वारीत दारात एक म्हातारी उभी राहिली. तळपायाला भेगा, डोक्यावर तुळस. पाणी दिलं. तिनं तांब्या खाली ठेवला आणि एकदम माझ्या पायाशी वाकली. मी विशी-बाविशीची. ‘अहो, नको नको!’ करत दोन पावलं मागे सरले. तिचा हात नुसता फरशीला लागला. काही बोलली नाही, तशीच उठली नि दिंडीत मिसळली. सासूबाई आतून बघत होत्या. म्हणाल्या, ‘तू कोण नको म्हणणार? ती तुझ्या पाया पडली नव्हती. पडू द्यायचं, मग आपणही तिच्या पडायचं. झालं.’

सोनू, तुम्ही शिकलेली माणसं आदर म्हटला की लांब उभी राहता. कुणाच्या मध्ये यायला नको, कशाला हात लागायला नको. मीही तशीच मागे सरले होते, आणि तिला ते झिडकारल्यासारखं वाटलं असणार. इथं कुणी वाकलं तर अंग चोरू नकोस. तूही वाक. विठोबा मानत नसलीस तरी समोरचं माणूस तर मानतेस ना?

आणि दर्शनाच्या बारीत उभी राहा. मी कुणाला सांगून तुला पटकन आत सोडवणार नाही, आधीच सांगते. महाद्वारासमोर चोखोबाची समाधी आहे, तिथं थांब. जिवंतपणी त्यांना अस्पृश्य म्हणून आत जाऊ दिलं नाही, समाधीही बाहेरच. त्यांच्या लोकांना हे दार उघडायला १९४७ साल उजाडलं, तेही साने गुरुजींनी इथं १ मेपासून दहा दिवस उपोषण केल्यावर. आता या देवाच्या पायांवर कुणीही डोकं ठेवतं याचं आम्हाला फार कौतुक. पण ते मिळायला काय पडलं, हे चोखोबापाशी आठवतं. मग पुढे नामदेव पायरी. संतांचे पाय लागावेत म्हणून नामदेवांनी ती जागा मागून घेतली म्हणतात, पण तिच्यावर पाय कुणीच देत नाही. डोकं टेकवून कडेनं जातात. तूही कडेनंच जा.

बुक्का पांढऱ्या कपड्यांवरून निघत नाही, तेव्हा जुनी साडी किंवा ड्रेस आण. उजनी धरणातून पाणी सोडलंय, पुंडलिकाचं देऊळ पाण्यात आहे, सध्या नदीत उतरायचं नाही. आणि बरोबर मैत्रीण येणार असेल तर तिला कांदा-लसूण चालतो का ते कळव, म्हणजे आमटी कशी करायची ते ठरवते. धोतर अजून दोरीवरच आहे.

तुझी,
आत्या